तिसरा कप

सॉनात भांडायचं नाही, बोलायचंसुद्धा नाही. रिंटला घराण्यात नियम पुष्कळ होते आणि बहुतेक सगळे कुणी ना कुणी मोडून झाले होते. पण हा एक नियम आजवर कुणाची मोडायची छाती झाली नव्हती. तोइवो रिंटला आणि त्याचा थोरला भाऊ यांचं होडीवरून सात वर्षं बोलणं बंद होतं, तरी दर शनिवारी दोघं त्या वाफेच्या न्हाणीघरातल्या लाकडी फळीवर शेजारी शेजारी बसून घाम गाळायचे आणि मुकाट्याने एकमेकांची पाठ बर्चच्या डहाळ्यांच्या जुडीने झोडपायचे. भांडायचं असेल तर बाहेर पडवीत जा. तिथे काय हवं ते बोला, तळं ऐकेल.

त्यामुळे ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी दुपारी सिर्का घशाशी आलेलं सगळं गिळून गप्प बसली होती. सगळ्यात वरच्या फळीवर, जिथे वाफ चावे घेते, तिथे तिची आई ऐली. वय शहाऐंशी, एक खुबा नवा बसवलेला, पण वरची फळी सोडायचं नाव नाही. खालच्या फळीवर भाची मैया, रायमोची मुलगी, एकोणतीस वर्षांची. मधे सिर्का स्वतः, एकसष्ट पूर्ण, आणि दोन्ही बाजूंनी होरपळलेली.

बाहेर रायमो, तिचा धाकटा भाऊ, येरझारा घालत होता. पडवीच्या फळ्या त्याच्या बुटांखाली करकरत होत्या. त्याच्या बगलेत पिवळा लिफाफा होता आणि लिफाफ्यात वॉलीजचा नवा करार, दहा वर्षांचा. सोमवारी दुपारी बारापर्यंत सिर्काची सही पोचली नाही, तर पन्नास वर्षं टॅमरॅक गावच्या चौकात उभी असलेली 'वॉलीज कॉफी अँड डोनट'ची लाल पाटी उतरणार होती. पाटी कंपनीची, दुकान रिंटलांचं, आणि बाबा, म्हणजे तोइवो, गेल्यापासून दुकानाचे कागद सिर्काच्या नावावर. म्हणजे सही तिचीच हवी. दुसऱ्या कुणाची चालत नव्हती.

आणि तिला सही करायची नव्हती. का? तर म्हणे कॉफी बिघडली.

हे कारण ऐकून कुणालाही हसू येईल. रायमोला आलंच होतं. पण गेली दोन वर्षं टॅमरॅकमध्ये दुसरा विषय नव्हता. न्हाव्याकडे जा, चर्चला जा, पोरांच्या हॉकीला जाऊन बसा, कुणीतरी म्हणणारच, "वॉलीज आता पूर्वीचं राहिलं नाही हो." डोनटबद्दल तर बोलायलाच नको. पूर्वी मागच्या खोलीत पीठ फुगायचं, कढईत तळलं जायचं, चौकापर्यंत वास जायचा. आता ते कुठूनसे गोठवलेले येत होते. भट्टीत घालायचे, गरम करायचे, वर साखर शिंपडायची. पूर्वीचं म्हणावं असं त्यात फक्त भोक उरलं होतं. आणि कॉफी! निवृत्त पोस्टमन ऑर्विल रोज सकाळी येऊन चार कप प्यायचा आणि चारही कपांना शिव्या घालायचा. त्याचा मग दुकानात खुंटीवर टांगलेला असे, त्याच्यासारख्याच आणखी तीस गिऱ्हाइकांच्या मगांशेजारी. शिव्या घालणारे सगळेच होते, पण यायचं कुणी बंद केलं नव्हतं.

सिर्काने टोरोंटोला मुख्य कचेरीत अकरा पत्रं लिहिली होती. अकरा उत्तरं आली, सगळी एकच: तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. त्यातली तीन 'श्रीयुत सिर्का' अशा नावाने आली होती.

पण एक गोष्ट तिने ना पत्रात लिहिली होती ना घरात कुणाला सांगितली होती. दोन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीत तिला दणदणीत ताप आला होता. ताप उतरला आणि तिच्या तोंडाची चवच गेली. ब्रेड काय, मासा काय, सगळा पुठ्ठा. पुढे चव हळूहळू परत आली, पण कांद्याला कित्येक महिने साबणाचा वास येत राहिला. त्याच हिवाळ्यात आईचा खुबा मोडला आणि आईने दुकानात येणं सोडलं. त्याच वसंतात गोठवलेले डोनट सुरू झाले. आणि कॉफी बिघडली. आता कॉफी बिघडली की आपली जीभ? रोज सकाळी पहिला घोट घेतला की हा प्रश्न तिच्यापुढे येऊन बसायचा आणि रोज तिला उत्तर सापडायचं नाही. ऑर्विल म्हणतो बिघडली. पण ते तो आपण म्हणायच्या आधी म्हणायला लागला की नंतर? तिला काही केल्या आठवत नव्हतं. नंतर असेल, तर मग आपणच गावभर आवई उठवली, आणि आता एका मेलेल्या जिभेपायी चौदा माणसांचं काम घालवायला निघालो आहोत. त्या चौदांत मैयाही होती. या विचाराने तिला सॉनातही थंडी वाजली.

ऐलीने वरून चुलीवरच्या तापलेल्या दगडांवर पळीभर पाणी फेकलं. चर्रकन वाफ उठली. तिघींनी माना खाली घातल्या.

तिघींनी पडवीत पाऊल टाकल्याबरोबर रायमोने तोंड उघडलं. अर्धा तास एकट्याने गप्प राहून त्याचा कोंडमारा झाला होता.

"मग? ठरलं काही?"

"आत काय ठरणार? आत बोलतात का?" सिर्काने टॉवेलवरून बाबांचा जुना झगा चढवला आणि बाकावर बसली. तिच्या अंगातून वाफा निघत होत्या.

"बरं, आता बाहेर आलीस ना, बोल. कॉफी बिघडली म्हणतेस. म्हणजे काय झालं? कडू झाली? पातळ झाली?"

"पोकळ झाली."

"पोकळ!" रायमोने कपाळावर हात मारला. "ऐकलंस मैया? तुझी आत्या आता कॉफी वाजवून बघते."

"तुला काय कळणार? तू तीन चमचे साखर घालून पितोस. चिखल दिला तरी मिटक्या मारशील."

"पितो ना, चाळीस वर्षं पितोय! आणि चाळीस वर्षं तीच चव आहे. आई, तू सांग, फरक पडलाय का काही?"

ऐली लोकरीची शाल गुंडाळून आपल्या खुर्चीत बसत होती. नव्या खुब्यामुळे तिला बसायला वेळ लागे. ती नीट टेकायच्या आतच सिर्का उसळली.

"आईला मधे ओढू नकोस. सहीचा प्रश्न माझा आहे."

"तुझा? आणि माझ्या पोरीचा नाही? शहरातली चांगली नोकरी सोडून आली ती. कशासाठी? तू म्हणालीस दुकान तुलाच देईन म्हणून. आता देणार काय, रिकाम्या भिंती?"

"बाबा, माझं निमित्त नका करू," मैया म्हणाली. पण तिचा सूर बापाच्याच बाजूचा होता, आणि सिर्काला तो लागला. ही पोर दुकानात तिच्या हाताखाली शिकली होती. "आत्या, मी खरं सांगू? नव्या करारात मशीन येणार आहे, ते आलं की हे सगळं मिटेल. बटण दाबायचं, कॉफी येणार. सीलबंद डबा आत बसवायचा, कुणाचा हातच लागत नाही. सगळ्या देशात एकच चव. मग कुणी म्हणणार नाही की टॅमरॅकची बिघडली."

"कारण मग सगळीकडचीच बिघडलेली असेल."

"आणि खुंट्या काढाव्या लागतील," मैया जरा चाचरली. "मगांच्या. म्हणजे, ते त्यांच्या नियमात बसत नाही."

"ऑर्विलला तू सांग हं ते. मी नाही सांगणार."

"ऑर्विलसाठी दुकान चालवायचं का आपण?" रायमो ओरडला. तळ्यावरची दोन बदकं उडाली.

"मग कुणासाठी चालवायचं रे? तुझ्यासाठी?"

ऐलीने घसा खाकरला. दोघंही तिच्याकडे वळले नाहीत.

मैयाच दोघांच्या मधे आली. "थांबा. असं भांडून काय होणार? आत्या, आपण बघूच ना. तीन कप करते. एक आपल्या दुकानातली, एक शेजारच्या गावातल्या वॉलीजची, आणि एक जुन्या मालातली. गोदामात मागच्या बाजूला जुनं खोकं सापडलंय, तीन वर्षांपूर्वीचं. तू न बघता चव घे. जुनी ओळखलीस तर बाबा पुन्हा सहीचा विषय काढणार नाहीत. नाही ओळखलीस, तर..."

"तर सही," रायमो म्हणाला.

सिर्काची दोन्हीकडून कोंडी झाली. नाही म्हणावं तर चोराच्या मनात चांदणं. हो म्हणावं तर जीभ उघडी पडणार. ती तळ्याकडे बघत राहिली. पलीकडच्या काठावर, ज्यांच्यावरून गावाला नाव पडलं ती टॅमरॅकची झाडं पिवळी पडली होती. तिला एकदम वाटलं, असू दे, काय तो निकाल तरी लागेल. दोन वर्षं स्वतःवर संशय घेऊन ती थकली होती.

"कर," ती म्हणाली.

मैया आत स्वयंपाकघरात गेली. दोन भांडी कॉफी झाली तशी ती बाहेर डोकावली. "बाबा, सॉनाची चूल विझत आलीय. लाकडं घालून येते."

"तू जा," ऐली खुर्चीतून उठत म्हणाली. "तिसरं भांडं मी ठेवते."

"मुम्मू, तू कशाला? बस ना," मैया आजीला म्हणाली.

"माझ्या चुलीपाशी मला बस म्हणतेस?" म्हणत म्हातारी काठी टेकत आत गेली.

तीन कप आले. रिंटलांकडे कॉफी बशीत ओतून, खडीसाखरेचा तुकडा दाताखाली धरून प्यायची पद्धत. सिर्काने साखर बाजूला सारली. डोळे मिटले. पहिली बशी तोंडाला लावली.

तीच. रोजची. जिभेवरून नुसती वाहून जाणारी. तिने मान हलवली.

दुसरी. तीच. दोन निरनिराळ्या गावच्या कॉफ्या, आणि तिला रतीभर फरक कळत नव्हता. संपलं, तिच्या मनात आलं. तिसरीही अशीच लागणार, आणि आपण रायमोसमोर माती खाणार.

तिने तिसरी बशी उचलली.

पहिला घोट गेला आणि ती जागच्या जागी थांबली. मग दुसरा घेतला, घाईघाईने, कुणी बशी काढून घेईल अशा भीतीने. ही! हीच ती! भरलेली, गोलसर, कडवटपणा आहे पण टोचत नाही. अकरा वर्षांची असताना शाळेत जायच्या आधी दुकानाच्या गल्ल्याखाली बसून दुधात मिसळून प्यायलेली. बाबांना पुरून आल्यावर सगळं गाव दुकानात येऊन प्यायलं होतं, तीच ही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पुसलंही नाही. जीभ जिवंत होती. ती खोटं बोलत नव्हती.

"ही," ती म्हणाली. "ही जुनी. शंभर टक्के. मैया, कुठलं खोकं ते? किती उरलंय त्यातलं?"

मैयाचा चेहरा पडला होता.

"आत्या," ती म्हणाली, "जुनं खोकं वगैरे काही नाहीये. तिन्ही एकच आहेत. काल दुकानातून आणलेल्या एकाच पाकिटातल्या. मला वाटलं तू म्हणशील फरक कळत नाही, आणि मग मी सांगेन की बघ, फरक नव्हताच... मला असं नव्हतं करायचं."

रायमोने मांडीवर थाप मारली. "एकाच पाकिटातल्या! आणि ही रडली! देवा!" तो खो खो हसायला लागला, आणि मग बहिणीचं तोंड बघून त्याचं हसू अर्ध्यातच विरलं.

सिर्काने बशी खाली ठेवली. बशी कपावर आपटली.

"मला चव येत नाही," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. त्या तापापासून. आली असं वाटायचं, पण आता कळलं, नाही आली. मनाचे खेळ सगळे. मी उगाच लोकांना... त्या ऑर्विललासुद्धा मीच..." तिने हात पुढे केला. "आण तो कागद. कुठे करायची सही?"

जिंकलेल्या माणसाला आनंद व्हायला हवा. रायमो लिफाफा उघडताना असा चाचपडत होता जणू कुणाचं मृत्युपत्र काढतोय. "तू आधी सांगायचंस ना गं," तो पुटपुटला. "मला काय माहीत. डॉक्टरकडे गेलीस का?"

"सही कुठे?"

"पान सात."

"थांब," ऐली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण रायमोचा हात थांबला. "दुसरी वाफ राहिलीय. ओल्या केसांनी, बापाचा झगा घालून सह्या करतात का? आधी वाफ. मग काय करायचं ते करा. चला गं."

"आई, पाच मिनिटांचं काम आहे..."

"रायमो, चूल पेटलीय."

त्याने लिफाफा परत बगलेत मारला.

आत गरमी पहिल्यापेक्षा जास्त होती. मैयाने लाकडं ठासून भरली होती, बहुधा पश्चात्तापाने. तिघी आपापल्या फळीवर बसल्या. सिर्काने गुडघ्यांत डोकं घातलं आणि रडू येऊ दिलं. सॉनात रडलेलं कुणाला दिसत नाही, सगळंच ओलं असतं. मैयाने मागे हात करून आत्याचं पाऊल धरलं. बोलायची सोय नव्हती, म्हणून तेवढंच.

ऐलीने पळीभर पाणी फेकलं. चर्र झालं. वाफ निवळली. आणि मग शहाऐंशी वर्षांत जे कधी झालं नव्हतं ते झालं. वरच्या फळीवरून म्हातारी बोलली.

"मीठ होतं त्यात."

सिर्काने डोकं वर केलं. तिला वाटलं, आता कानही गेले.

"तिसऱ्या कपात. चिमूटभर. कॉफीच्या भुकटीवर टाकायचं, मग वरून पाणी. तुझी जीभ ठणठणीत आहे."

"मुम्मू," मैया कुजबुजली, "आपण आत आहोत."

"मला दिसतंय कुठे आहोत ते." ऐलीने श्वास घेतला. गरम हवेत बोलायला तिला कष्ट पडत होते. "वॉलीजचं पहिलं खोकं आलं तेव्हा तोइवोने एक घोट घेतला आणि थुंकला. थू! म्हणाला, ऐली, फसलो. करारावर सही झालेली. पाटी लागलेली. तुम्ही दोघं पोरं पाटीखाली उभी राहून फोटो काढत होता. लाकूडतोड्यांच्या तळावर तो स्वयंपाकी होता ना, त्याला ठाऊक होतं, भिकार कॉफी कशी सावरायची. म्हणाला, मीठ घालत जा, पण पोरांना सांगू नकोस. त्यांना पाटीचं फार कौतुक आहे."

सिर्का वरच्या फळीकडे वळली. "पण तू... मीठ कधी घालायचीस? आम्ही कुणी कसं पाहिलं नाही?"

"पाहिलंत की. पहाटे पाचला येऊन दिवसभराच्या गाळण्या भरून एकावर एक रचून ठेवायचे ना मी? तू हसायचीस. म्हणायचीस, आई, पाकीट फाडून सरळ मशीनमध्ये ओतता येतं, कशाला हा उपद्व्याप. गाळणी भरली की एक चिमूट. तोइवोची तपकिरीची डबी माझ्या एप्रनच्या खिशात असायची. कंपनीचा तपासनीस आला की मी संडासात जायचे."

मैयाच्या तोंडून हसू फुटलं आणि तिने ते हाताने दाबलं.

सिर्काला मात्र हसू येत नव्हतं. तिच्या डोक्यात दोन वर्षं गरगरत होती. आईचा खुबा जानेवारीत मोडला. आपला ताप फेब्रुवारीत. डोनट एप्रिलमध्ये. आणि कॉफी? कॉफी बिघडलीच नव्हती. कॉफी पन्नास वर्षं अशीच होती. सगळं गाव ज्या वॉलीजच्या नावाने गळा काढत होतं, ते वॉलीज कधी नव्हतंच. मग ते काय होतं? आपण कुणासाठी भांडत होतो? तिला राग यावा की सुटल्यासारखं वाटावं हेही तिला कळेना, आणि राग आधी आला.

"दोन वर्षं!" सॉनात असल्यामुळे ती दबक्या आवाजात ओरडली, आणि तसं ओरडणं फार अवघड असतं. "अकरा पत्रं लिहिली मी, आई! टोरोंटोला!"

"माहीत आहे. तिकिटं मीच लावली."

"मग बोलली का नाहीस? मी रोज तुझ्यासमोर डोकं फोडून घेत होते!"

ऐलीने पळी बादलीत बुडवली, पण पाणी फेकलं नाही. पळी तशीच हातात धरून बसली.

"मी दुकान सोडलं तेव्हा तुम्ही मला केक आणलात," ती म्हणाली. "कंपनीचा. गोठवलेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अठ्ठेचाळीस वर्षं, आणि एका केकात आटपलं. बरं, म्हटलं, ठीक आहे. मग महिन्याभरात लोक बोलायला लागले, काहीतरी गेलं, पूर्वीचं काही राहिलं नाही. मला आतून इतकं बरं वाटलं, सिर्का. म्हटलं, आता विचारतील. आता कुणीतरी म्हणेल, अरे, ऐली गेली म्हणून. मी वाट बघत होते." तिने पळीतलं पाणी परत बादलीत ओतलं. "तुम्ही टोरोंटोला पत्रं लिहिलीत."

सिर्का मधल्या फळीवरून उठली. वरच्या फळीवर ती कित्येक वर्षांत बसली नव्हती, तिला तिथली गरमी सोसायची नाही. ती वर चढली आणि आईच्या शेजारी, घामाने निथळणाऱ्या त्या सुरकुतलेल्या खांद्याला खांदा लावून बसली. कान भाजत होते. तिला माफी मागायची होती, पण जी माफी मागायची ती एका वाक्यात मावणारी नव्हती.

"म्हणजे पन्नास वर्षं सगळं गाव..." मैयाने खालून सुरुवात केली.

"श्श," ऐली म्हणाली. "सॉनात बोलू नये."

तिघी बाहेर आल्या तेव्हा रायमो बाकावर बसून होता. पान सात उघडून, वर पेन ठेवून. पण त्याचं मन लागत नव्हतं हे दिसत होतं. तिसऱ्या कपातली उरलेली कॉफी त्याने बशीत ओतून, साखर न घालता पिऊन टाकली होती आणि आता तो रिकाम्या बशीकडे बघत होता.

"एक सांगू का?" तो म्हणाला. "ही खरंच वेगळी लागते. मी वेडा झालोय का?"

"नाही," सिर्का म्हणाली. "मैया, त्या नव्या मशीनचं झाकण उघडतं का? मधे काही घालता येतं?"

"नाही आत्या. सीलबंद. कुणाचा हात लागायला नको, हाच तर त्यांचा..." मैया मधेच थांबली. तिने बापाकडे पाहिलं, मुम्मूकडे पाहिलं, आणि पान सातवरचं पेन उचलून टोपण लावलं. "त्याच्यात काहीच घालता येणार नाही."

"काय घालायचंय?" रायमो म्हणाला. "आत काय झालं? तुम्ही आत बोललात? आई! आत बोललात तुम्ही?"

सिर्का आईच्या खुर्चीसमोर उकिडवी बसली, म्हणजे आईला मान वर करावी लागू नये. पुढचं काहीच तिला नीट दिसत नव्हतं. पाटीशिवाय दुकान कसं चालेल, गिऱ्हाइकं येतील का, मागची कढई अजून चालते का, हे कुणीच सांगू शकत नव्हतं. पण एक प्रश्न राहून गेला होता, आणि तो कुणाला विचारायचा हे मात्र तिला आता पक्कं कळलं होतं.

"आई, तू सांग. सही करू की नको?"

या वेळी मधे कुणी बोललं नाही. ऐलीने घाई केली नाही. शाल सारखी केली, काठी खुर्चीला टेकवून ठेवली, तळ्याकडे एकदा पाहिलं.

"पाटी त्यांची आहे, नेऊ देत त्यांना," ती म्हणाली. "खुंट्या आपल्या आहेत. सोमवारी पहाटे पाचला मला न्यायला ये, उशीर करू नकोस. आणि ते डोनट आधी बंद कर बाई. ते खरंच भिकार झालेत, त्यात माझा काही हात नाही."